पाच नंबरचा ऊस

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी मला विषय ठरवूनच दिला होता. कारखान्यात संगणक आला आणि ऊसतोडीतला वशिला कसा गेला, हे मी सांगायचं. आमच्या भागात ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती सांगून झाली की माझं नावही घेतात. एका समारंभात मला शाल दिली, तीही याच गोष्टीसाठी. मी संपादकांना होकार दिला, थोडं लिहिलं आणि फाडलं. वशिला गेला नव्हता. तो मशीनमध्ये नेऊन बसवणारा माणूस मीच होतो.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्या वेळची बहुतेक माणसं आता नाहीत, आणि आजच्यांचा त्यात दोष नाही.

ज्यांना ऊस फक्त रसाच्या गाड्यावर भेटतो, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ऊस पिकला म्हणून कुणालाही वाटेल तेव्हा तोडता येत नाही. कारखाना तोडणीची टोळी पाठवतो, तेव्हा तो तुटतो. टोळी आज कुणाच्या शेतात जाणार आणि उद्या कुणाच्या, यावर गावोगाव भावाभावांची बोलणी बंद होत. पाळी आधी आली तर रान मोकळं होतं. उशिरा आली तर ऊस उभा वाळतो, वजन घटतं. शिवाय तोडताना वरचा हिरवा शेंडा निघतो, त्याला वाढे म्हणतात. दुष्काळात वाढे म्हणजे बैलांचा घास. ऊस वाळला की वाढंही वाळतं, मग बैल त्याला तोंड लावत नाही.

मी बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी कारखान्यात लागलो. संख्याशास्त्र शिकलो होतो. पुण्याला एका संस्थेत मोठं संगणक यंत्र होतं, त्याला सूचना कशा लिहायच्या ते तिथे शिकून आलो होतो. कारखान्याकडे स्वतःचं यंत्र नव्हतं. पुण्याच्या यंत्राचा वेळ भाड्यानं घ्यायचा. प्रत्येक शेताचं एक जाड कार्ड, त्यावर भोकं पाडून माहिती. अशी कार्डं पत्र्याच्या ट्रंकेत भरून मी दर आठवड्याला एस.टी.नं पुण्याला न्यायचो आणि पाळीची यादी छापून आणायचो. ट्रंक मांडीवर घेऊन बसलेला पाहून एकदा एका म्हातारीनं विचारलं होतं, "लेकीचा रुखवत हाय व्हय रं बाबा?" मी हो म्हणून टाकलं. मला ते खरंच तसं वाटायचं. त्या यंत्राला द्यायच्या सूचना, म्हणजे त्याचा कार्यक्रम, मीच लिहिला होता.

उसाची लागण चार तऱ्हांची असते. पावसाळ्यात लावलेला आडसाली, दिवाळीच्या सुमाराचा पूर्वहंगामी, थंडी सरताना लावलेला सुरू, आणि आधीच्या पिकाच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा. शेतकऱ्याला हे शब्द पाळण्यात कळतात. यंत्राला कळत नव्हते. आम्ही वापरायचो त्या भाषेत अशा नावांची सोय नव्हती, आकडे द्यावे लागत. मी आडसालीला एक, पूर्वहंगामीला दोन, सुरूला तीन आणि खोडव्याला चार दिले. यंत्राच्या पोटात चार खणांचा एक तक्ता ठेवला, प्रत्येक खणात त्या तऱ्हेचं वजन, म्हणजे ती किती घाईनं तोडायची त्याचा आकडा. त्यात उसाचं वय मिळवायचं, ज्याची बेरीज मोठी त्याची पाळी आधी. साधं होतं. भीडमुर्वतीला जागा नव्हती, आणि मला याचा फार अभिमान होता.

पहिल्याच हंगामात एक गंमत झाली. शेतांची नोंद आणणाऱ्या एका ओव्हरसियरला इंग्रजी एकाला वर लांब शेंडी काढायची सवय होती. कारखान्यात कार्डं टोचायच्या लहान यंत्रावर बसणाऱ्या प्रल्हादनं तो सात वाचला. तक्त्याला खण चारच. पण यंत्रानं तक्रार केली नाही. त्यानं सातवा खण शोधला, म्हणजे तक्त्यापलीकडे दुसऱ्याच कुठल्या हिशेबाचा जो मोठा आकडा पडला होता तो उचलला आणि ते शेत यादीत सर्वांत वर नेऊन बसवलं. टोळी बैलगाड्या घेऊन कोल्हारजवळच्या त्या शेतावर हजर. ऊस त्याच पावसाळ्यात लावलेला, पुढच्या हंगामाचा.

"आरं, माज्या कमरंएवढा बी न्हाई त्यो!" शेतकरी आडवा आला. "तोडून काय लगीनघरी तोरनं बांदताय?"

"चिठ्ठी हाय," मुकादम म्हणाला. "कारखान्याच्या मशीननं काढल्याली हाय."

"मशीनला म्हनावं, येकदा हितं बांदावर येऊन बस. मंग तोड."

हा किस्सा कारखान्यात आठवडाभर चालला. उपाहारगृहात चहा नीट झाला नाही की लोक म्हणत, "सात नंबरचा दिसतोय." मीही हसलो. शेतकी अधिकारी जगतापसाहेब मात्र हसून झाल्यावर माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे यादीत नसलेला आकडा टाकला, तरी मशीन घेतं?"

"घेतं. मी आता दुरुस्त करणार आहे. चाराच्या वरचं कार्ड बाहेर टाकायचं."

"थांबा की जरा. घाई काय आहे?"

पुढच्या हंगामाला दुष्काळ पडला. कालव्याला पाणी येईना. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतांतला ऊस उभा वाळायला लागला. तेव्हा जगतापसाहेब पुन्हा आले. वाळणारा ऊस आधी तोडायला हवा, त्यासाठी पाचवा नंबर ठेवा, म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी पाचवा खण केला, त्यात सर्वांत मोठं वजन घातलं. पाचसमोर काय लिहू, असं विचारलं.

"काही लिहू नका. नाव दिलं की लोक मागायला येतात. नुसतं पाच राहू द्या."

मला ते व्यवहारी वाटलं. मी पाचसमोरची जागा कोरी ठेवली, आणि आकड्यांची यादी तशीच ओव्हरसियरांकडे गेली.

दोनतीन आठवड्यांत पाचाची कार्डं वाढली. मी गावं वाचू लागलो. त्यांतली कितीतरी शेतं नदीकाठची, विहिरींना पाणी असलेली. कुणी संचालकाचा मेव्हणा, कुणी साहेबांच्या ओळखीचा. चारीच्या टोकाची शेतं मात्र एक, दोन, तीन, चार यांतच राहिली होती.

प्रल्हाद जामखेडकडचा. घरचे लोक बौद्ध झालेले, चुलते ऊसतोडीला येणारे. तो भोकं पाडता पाडता म्हणाला, "सर, एक आडसाली, दोन पूर्वहंगामी, समदं पाठ झालं. ह्यो पाच कोन हाय?"

"नुसता पाच."

"बारसं न झाल्यालं पोर हाय म्हना की. पन लई लाडाचं दिसतंय."

मी हसलो नाही. त्यानं कार्ड उचलून धरलं. "हितं माजा चुलता कालच तोडून आला. उसाला पानी चालू हाय, सर. पायात चिखल हुता म्हनला. हितं कशाचा पाच?"

"आपल्याला आलेला आकडा आपण टोचायचा."

"मी टोचतो. पन तुमी जगतापसायबाला इचारा तरी. का मी जाऊ इचारायला?"

मी त्याला जे उत्तर दिलं ते या सगळ्या लिखाणात मला सर्वांत जड जातंय. मी म्हणालो, "प्रल्हाद, तुझी नोकरी अजून कच्ची आहे."

त्यानं कार्ड यंत्रात सरकवलं. टोचणीचा खटखटाट पुन्हा सुरू झाला. त्यानंतर तो मला सर म्हणायचा, पण थट्टा कधी केली नाही.

मला कुणी काही दिलं नव्हतं. ते दिलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. माझी भीती निराळी होती. जगतापसाहेबांच्या मनात आलं असतं तर हे पुण्याचं खूळ बंद झालं असतं, पुन्हा शेतकी खात्याच्या वह्या सुरू झाल्या असत्या. माझा कार्यक्रम चालू राहावा एवढंच मला हवं होतं. तो चालून काय करतो याकडे मी बघत नव्हतो. बघत होतो, पण बोलत नव्हतो.

इथे थोडं पुढचं सांगतो. काही वर्षांनी माझ्या हाती एक नवी भाषा आली. तिच्यात नाव दिलेले प्रकार करता येतात. म्हणजे आपण ‘लागण’ नावाचा प्रकार घडवायचा आणि सांगायचं, की ही लागण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा यांपैकीच एक असेल. आकडे यंत्र आपल्या पोटात काय ठेवायचे ते ठेवो, आपण नावच लिहायचं. यादीत नसलेलं नाव लिहिलं तर कार्यक्रम चालायलाच तयार होत नाही. पाचवी तऱ्हा हवी असेल तर ती तिच्या नावासकट, सर्वांना दिसेल अशी यादीत लिहावी लागते. सातवा खण तर शोधताच येत नाही. मी नगरला पुढे बरीच वर्षं हे शिकवलं. कोल्हारच्या कमरेएवढ्या उसाची गोष्ट सांगायचो, वर्ग हसायचा, आणि विषय कायमचा समजायचा.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या वेळी ही सोय असती आणि खरंच पाचवी तऱ्हा लागली असती, तर काय नाव दिलं असतं?"

मी फळा पुसायला घेतला. तास संपायला वेळ होता. पुसलेला फळा मी पुन्हा पुसला.

भाषेत सोय नव्हती, ही सबब मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिली. ती खोटी आहे. त्या जुन्या भाषेतही प्रत्येक आकड्याशेजारी यंत्र न वाचणारी टीप लिहिता यायची. पहिल्या चारांपुढे मी लिहिलीही होती. ‘वाळता’ एवढा शब्द पाचसमोर लिहिला असता, तर पाणी चालू असलेल्या शेताला वाळता म्हणताना ओव्हरसियरचा हात निदान अडखळला असता. कोऱ्या पाचाला कुणाचाच हात अडखळत नव्हता.

आता केरूनाना.

बेलापूरच्या बाजूला, चारीच्या अगदी टोकाला त्यांचं शेत. उंच, वाळलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारे. पाळी मागे गेलेले लोक शेतकी खात्यात जाऊन आरडाओरड करत. केरूनाना सरळ माझ्या खोलीत आले. धोतर सावरून जमिनीवर बसायला लागले. मी खुर्ची दिली.

"मशीनचं तुमीच बघता ना, सायेब? मला फकस्त समजून घ्यायचंय. भांडाया आलो न्हाई."

"विचारा की, नाना."

"त्येला दिसतं का? म्हंजे रान, ऊस?"

"नाही. कार्डावर टोचू तेवढंच कळतं."

"मंग माजा ऊस वाळाय लागलाय, ह्ये कुनी टोचलंच न्हाई म्हना." ते खुर्चीत पुढे सरकले. "सायेब, मला उसाचं येवढं न्हाई. घरी पाखऱ्या आन् सर्ज्या हायेत. वैरन संपली. वाढं हिरवं हाय तवर तोड झाली तर दोगं निभावतील. वाळल्यावर आली तर मंग वाढं न्हवं, खराटाच."

त्यांचं कार्ड मला पाठ होतं. खोडवा, चार नंबर. पाच नंबरचा खराखुरा मालक माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता. प्रल्हादला हाक मारून एक नवं कार्ड टोचायला सांगायचं, एवढंच काम होतं. पण मग जगतापसाहेब विचारणार, हा पाच कुणाच्या सांगण्यावरून? आणि मला सांगावं लागणार की बाकीचे कुणाच्या सांगण्यावरून, ते मला माहीत आहे.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कार्डं दाखवली, लागणीच्या चार तऱ्हा, वय, बेरीज. चारच तऱ्हा सांगितल्या. चहा मागवला. ते मन लावून ऐकत होते, मधून मधून मान डोलवत होते.

"म्हंजे त्येला मानूस कळत न्हाई."

"नाही, नाना."

"मानूस कळत न्हाई, म्हंजे वशिला बी कळत न्हाई."

"नाही," मी म्हणालो.

केरूनाना उठले. "मंग झालं. मानसानं मागं टाकलं आस्तं तर भांडलो आस्तो. मशीनसंगं काय भांडायचं? तुमी बसवून सांगितलं, लई झालं."

दारात प्रल्हाद उभा होता. त्यानं बाजूला होऊन त्यांना वाट दिली आणि माझ्याकडे न बघता आपल्या यंत्रापाशी गेला.

त्याच महिन्यात केरूनानांच्या गावात कारखान्याची माणसं सभासदांना भेटायला गेली, मलाही सोबत नेलं. देवळापुढच्या पारावर लोक तापलेले. एक तरणा गडी उठला. "नदीकाठच्यांचा हिरवागार ऊस तुटतो, आन् आमचा वाळका उभा ऱ्हातो! मशीन न्हाई, थोतांड हाय ह्ये! हाय का कुनाची छाती खरं सांगायची?"

गलका झाला. जगतापसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायच्या आत मागून केरूनाना उभे राहिले.

"ए, खाली बस," ते त्या गड्याला म्हणाले. "माजा बी वाळलाय. तुज्याआदी वाळलाय. मी सोता जाऊन इचारून आलोय. त्या मानसानं समदं उलगडून दावलं. मशीनला मानूस कळत न्हाई. आता नशिबाला बोल लावायचा तर लाव, त्या पोराला नको."

लोक बसले. केरूनानांचा शब्द गावात चालत होता, ते खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी जगतापसाहेबांना काही बोलावंच लागलं नाही. परत येताना जीपमध्ये त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगलं पटवलंत म्हाताऱ्याला." मी बाहेर बघत बसलो. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका होत्या, त्यांनी आमच्या धुळीत पदर तोंडावर ओढले.

टोळी केरूनानांच्या शेतात पोचली तेव्हा वाढ्यात काही राहिलं नव्हतं. दोन्ही बैल त्यांनी गुरांच्या छावणीत नेऊन बांधले. पाखऱ्या छावणीतच गेला. मला हे प्रल्हादनं सांगितलं. तेवढं एक वाक्य बोलून त्यानं कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. हंगाम संपल्यावर तो नोकरी सोडून गेला. कुठे गेला ते मी शोधलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. केरूनानांचा निरोप आला, बेलापूरला कधी आलात तर घरी या. मी मुद्दाम गेलो. एस.टी.त बसल्या बसल्या मी वाक्यं जुळवली होती. नाना, चार नाही, पाच तऱ्हा होत्या. तुमचं शेत पाचवं होतं. मला ठाऊक होतं. तेवढीच वाक्यं. त्यानंतर ते काय करतील ते करोत.

ते पेरणीवर होते. सर्ज्याच्या जोडीला भावकीतल्या कुणाचा तरी बैल जुंपला होता. दोघांची चाल जमत नव्हती, पाभर तिरकी ओढली जात होती. मला पाहून त्यांनी औत थांबवलं, घाम पुसला आणि बांधावर बसलेल्या दोघातिघांना हाक मारली.

"हे बगा आमचे मशीनचे सायेब. त्या वर्साला समदा कारखाना डोक्यावर बसला हुता, कुनी धड बोलत न्हवतं. ह्या मानसानं मला खुर्ची दिली, च्या पाजला आन् खरं काय ते सांगितलं."

मी म्हणालो, "नाना, मला तुमच्याशी..."

"आदी जेवा. बोलनं कुटं पळून चाललंय?"

घरी नेलं. ओसरीवर पाट मांडला. त्यांच्या मंडळींनी बाजरीची गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा, वाटीत मुगाची आमटी. केरूनाना शेजारी बसले होते, स्वतः न जेवता माझ्या ताटाकडे बघत. बैलाचा विषय त्यांनी काढला नाही. मी घास घेतला. भूक होती, आणि आमटी चांगली झाली होती.

"आवडलं न्हाई व्हय?" काकूंनी विचारलं. "हात थांबला म्हनून म्हनलं."

"नाही, नाही. छान आहे."

"मंग वाढू अजून?"

केरूनाना माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत, नेहमीसारखे.

"वाढा," मी म्हणालो.